प्रश्नचिन्ह नसलेले पान

पौषातला उजेड उज्जैनमध्ये घाईने येत नाही. आधी तो पाण्याच्या उंच टाकीच्या माथ्याला लागतो, मग देवास रोडवरच्या निलगिरीच्या शेंड्यांना, आणि तिथेच बराच वेळ रेंगाळतो. खाली उतरावे की नाही, हे त्याचे ठरत नसावे. तोवर रस्त्यावरून दूधवाल्यांच्या मोटारसायकली जाऊन आलेल्या असतात, पोह्यांच्या गाडीवरच्या परातीतून वाफ निघू लागलेली असते, आणि शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले आपल्याच तोंडची वाफ निरखत उभी असतात. मग केव्हातरी तो भिंतीवरून आत उतरतो. गावात ज्याला सगळे गोरा कब्रस्तान म्हणतात त्या जुन्या दफनभूमीची पूर्वेकडची भिंत आता कमरेएवढीच उरली आहे. तिच्यावरून येणारा उजेड जमिनीला जवळजवळ समांतर असतो. गवताचे पाते तो एका अंगाने सोनेरी करतो, दुसऱ्या अंगाने निळसर ठेवतो. त्यात विशेष असे काही नसते. रोजचाच उजेड तो. पण एखाद्या आडव्या दगडावरून तो असा सरकत जातो, तेव्हा एरवी सपाट दिसणाऱ्या त्या पाठीवर बारीक सावल्या उमटू लागतात — केसाएवढ्या, वळणदार — आणि दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नीने केलेल्या खुणा अर्धा तास पुन्हा अक्षरे होतात. सूर्य हातभर वर चढला की दगड पुन्हा नुसता दगड.

हे मला ठाऊक नव्हते. चार वर्षे मी त्या फाटकावरून माझ्या हस्तलिखितांच्या ग्रंथालयात रोज चालत जात होतो, आणि चार वर्षे त्या फाटकाला कुलूप होते. अठरा डिसेंबरच्या सकाळी ते उघडे दिसले. मी आत का गेलो, याचे धड कारण देता येणार नाही. उजेड आत जात होता… त्याच्या मागोमाग मीही गेलो.

“अहो… जरा बाजूला व्हाल?”

आवाज जमिनीलगत कुठूनतरी आला. एका आडव्या दगडाशेजारी सतरंजी टाकून एक मुलगी पालथी झोपली होती; गाल दगडाला टेकायच्या बेतात, एक डोळा मिटलेला.

“तुम्ही माझ्या उजेडात उभे आहात,” ती म्हणाली.

मी डावीकडे सरकलो.

“आता तुम्ही एका गोलंदाजाच्या पायावर उभे आहात.”

मी घाईने उजवीकडे झालो. क्षमा मागायला तोंड उघडले, आणि माझी सावली जिथून हटली होती तिथे मला ती ओळ दिसली. लेखणी न उचलता लिहावे तसे एकातून एक निघालेले, डोक्यावर लांब रेघ घेतलेले वळण.

“ही… मोडी,” मी म्हणालो.

“मोडली?” ती ताडकन उठून बसली. “काय मोडलं? कुठे?”

“मोडलं नाही. मोडी. लिपी.”

तिने माझ्याकडे पाहिले, मग दगडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि हसली. तिच्या कपाळावर चुन्याचे पांढरे बोट उठले होते. ते तिला ठाऊक नव्हते. मला ते सांगायचे होते, आणि सांगायचे नव्हतेही.

तिचे नाव अश्लेषा. जुने दगड दुरुस्त करणे हे तिचे काम. चर्चच्या समितीने तिला इथल्या एकोणतीस कबरींसाठी बोलावले होते, आणि मागच्या दाराने ये-जा करीत तिने अठ्ठावीस जवळजवळ आटोपल्या होत्या. ही शेवटची. वर इंग्रजी अक्षरांत कोणाचे तरी नाव होते, ते पूर्ण झिजलेले. हुद्दा तेवढा लागत होता — तोफखान्यातला गोलंदाज. आणि खाली ही एक ओळ. ती इंग्रजी नव्हती, एवढेच तिला कळले होते.

“तुम्हाला वाचता येतं?”

“आमच्या घरात ते वंशपरंपरेने येतं. पूर्वज दरबारात कारकून होते. आमचे भय्यासाहेब — वडिलांचे काका — त्यांनी मला बाराव्या वर्षी बसवून शिकवली.” एवढे लांब वाक्य मी अनोळखी माणसाशी त्या वर्षात बोललो नव्हतो.

“मग देवच पावला,” ती म्हणाली. “हे पाहा, या काठाचा पापुद्रा सुटलाय. तो मला चुन्याने आतून भरायचाय. पण एकदा चुना घातला की शेजारच्या बारीक रेघा बुजू शकतात. म्हणून वाचन झाल्याशिवाय मी या ओळीला हात लावणार नाही. तुम्ही वाचा. मग मी भरते, अहवाल देते, आणि जाते. बुऱ्हाणपूरजवळ पुढचं काम थांबलंय माझ्यासाठी.”

मी सतरंजीच्या कडेला बसलो. उजेड दगडावरून निघेपर्यंत ती पूर्ण ओळ मी वहीत उतरवली, मापाला माप, वळणाला वळण. खाली दोन-चार शब्द लिहिले, तारीख घातली आणि वही मिटली.

“पहिलं अक्षर ‘ये’ असावं,” मी म्हणालो. “बाकी… पाहावं लागेल.”

“किती दिवस लागतील?”

“उजेड रोज अर्धाच तास असतो.”

हे खोटे नव्हते.

तिने ब्रश पाण्यात बुडवून झटकला आणि मान डोलावली. मग दुसऱ्या कबरीकडे वळताना सहज म्हणाली, “बरं, जाते मी.” माझ्या आईने हे ऐकले असते तर तिला परत बोलावून म्हणायला लावले असते — जाते म्हणू नये ग, येते म्हणावं.

*

त्यानंतर माझी प्रत्येक सकाळ त्या भिंतीआड उगवू लागली.

कब्रस्तानाची देखभाल विलासभाऊ करीत. त्यांचे आजोबा नगरकडून मिशनच्या शाळेत माळी म्हणून आले होते. विलासभाऊंची मराठी मात्र अस्सल उज्जैनची, अर्धे पाऊल हिंदीत ठेवून चालणारी. मी फाटकातून आत आलो की ते झाडू थांबवीत.

“काय पोतनीससाहेब, आज कोणतं अक्षर? नाही, एक रोज के हिसाब से चाललं तर सिंहस्थ येऊन जाईल, आपला गोलंदाज तिथेच अडकलेला.”

“मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, विलासभाऊ. सगळं एकसंध असतं. घाई करून चालत नाही.”

“घाईचं कोण म्हणून राहिलं? मला तर मजाच येते.”

अश्लेषाच्या हातांना घाई कधीच नसे. ती दगडावर तारेचा ब्रश चालवीत नसे, ॲसिड लावीत नसे. कागदाचा ओला लगदा थापून ठेवी, आणि तो वाळता वाळता दगडातले मीठ शोषून घेई. बांबूच्या कामटीने ती भेगांतले जुने सिमेंट उकरी. पूर्वी कोणीतरी सद्‌भावनेने भरलेले ते सिमेंट तिला मनापासून खटके.

“सिमेंट घट्ट बसतं,” ती म्हणे. “इतकं घट्ट की दगडाला हलायला जागाच उरत नाही, मग शेजारचा दगड फुटतो. चुना तसा नाही. चुना स्वतः फुटतो, दगडाला सांभाळतो. पुढे कोणाला वाटलं की माझं चुकलं, तर तो काढताही येतो.”

एकदा ती एका लहानशा कबरीवरचे राखाडी दगडफूल ओल्या ब्रशने सोडवीत होती.

“माझी आई याच्याशिवाय गोडा मसाला करत नाही,” ती म्हणाली.

“इथलं घालत नसावी.”

“कोणी पाहिलंय? कदाचित म्हणूनच माझा स्वभाव असा झाला.”

“कसा?”

“ते तुम्ही ठरवा. वाचायचं काम तुमचं.”

मी वहीत डोके घातले. तिने मान लांब करून वहीत पाहिले.

“बापरे. अक्षरं कमी, प्रश्नचिन्हंच जास्त.”

“शंका असेल त्या अक्षरापुढे चिन्ह करायचं असतं. वाचनाचा नियमच आहे.”

“आणि खात्री असेल तिथे?”

“तिथे काहीच करायचं नसतं.”

“काहीच न करण्यात तुमचा हात धरणारा नाही, असं कानावर आलंय.”

“कोणाकडून?”

“विलासभाऊ म्हणाले, पोतनीससाहेब तीन वर्षांपासून स्कूटर घेणार आहेत.”

दूरवर विलासभाऊंचा झाडू एकदम जोरात वाजू लागला.

नववर्षाच्या पहिल्या सकाळी मी गाडीवरून दोन पुड्यांत पोहे घेऊन गेलो. वर शेव, बाजूला जिलबीचे वेटोळे. तिने पुडी उघडली, आत पाहिले, आणि डोळे न उचलता म्हणाली, “लिंबू विसरलास.”

विसरलास. त्या क्रियापदाच्या शेवटाकडे मी किती वेळ पाहत राहिलो, सांगता येत नाही. लिंबू आणायला मी गाडीपर्यंत गेलो तो जवळजवळ धावतच.

तोवर मी तिला चार अक्षरे दिली होती. ये. तो. म्ह. णो — आणि या शेवटच्यापुढे प्रश्नचिन्ह. ती त्यांचे तुकडे जुळवून पाही.

“येतो म्ह… येतो म्हशी घेऊन?”

“गोलंदाज होता. गवळी नव्हे.”

“निवृत्तीनंतर झाला असेल.” तिने शेवेचा कण गालावरून पुसला. “एक विचारू? मी निघताना ‘जाते’ म्हणते तेव्हा तुझा चेहरा असा का होतो?”

“कसा होतो?”

“कोणी सिमेंट ओतल्यासारखा.”

मी हसलो. “आमच्याकडे ‘येते’ म्हणतात.”

“सगळ्याच मराठी घरांत म्हणतात. आमच्याही म्हणायचे.” ती पुडीचा कागद घडी घालून लहान लहान करीत गेली. “बाबा रेल्वेत होते. भुसावळ, इटारसी, बीना, नागदा, रतलाम… आठ गावं झाली. प्रत्येक गावी सामान ट्रकवर चढलं की शेजारच्या काकूंना नमस्कार करायचा आणि म्हणायचं, येते. एकाही गावी परत गेलो नाही. नागद्याला मीरा म्हणून माझी मैत्रीण होती. तिने मला सहा पत्रं पाठवली. सहाही पत्रांत एकच — कधी येतेस? तू तर येते म्हणाली होतीस.” कागदाची घडी आणखी लहान होईना. “तेव्हापासून मी खरं तेच म्हणते. जाते.”

समोर गोलंदाजाचा दगड होता. उजेड अजून त्याच्यावर होता, आणि ओळ स्पष्ट दिसत होती. त्या सकाळी मी तिला एकही अक्षर दिले नाही. म्हणालो, आज धुके आहे.

धुके नव्हते.

*

दहा जानेवारीला दुपारी मावठ आले. मी ग्रंथालयात एका पोथीची पाने मोजत होतो. खिडकी काळवंडली आणि पत्र्यावर टपोरे थेंब वाजू लागले. पाने मोजायची सोडून मी छत्री घेतली आणि निघालो. देवास रोडवर गारठा असा होता की छत्रीची मूठ बोटांना चिकटत होती.

अश्लेषा आणि विलासभाऊ दगडावर ताडपत्री धरून उभे होते. उशीर झाला होता. काठाजवळचा सुटलेला पापुद्रा पाण्याने उचलला होता. ओळीच्या मधोमध, जिथे सकाळपर्यंत अक्षरे होती, तिथे पिवळट, कोरी, ओली जागा होती.

आम्ही तिघांनी गुडघ्यांवर बसून गवत बोटांनी विंचरले. विलासभाऊंच्या घरची एनॅमलची थाळी मध्ये ठेवली होती. पाच तुकडे सापडले, सगळ्यात मोठा नखाएवढा.

अश्लेषा रडली नाही. थाळीतले तुकडे ती एकेक करून उलटवीत होती, आणि तिची बोटे गारठ्याने लाल झाली होती.

“मी ताडपत्री टाकून जायला हवी होती,” ती म्हणाली. “रोज म्हणत होते, वाचन झालं की भरू. वाचन झालं की भरू.”

त्या वाक्यातला दोष खरे तर कोणाचा आहे, हे तिथे फक्त मला माहीत होते.

“जुळतील का?” मी विचारले.

“जुळवता येतील. पण फोटोत मला रेघ कोणती आणि भेग कोणती ते कळत नाही. तुझं चित्र लागेल. ते पहिल्या दिवशी काढलेलं, मापाचं.”

वही माझ्या पिशवीत होती, बरगडीला टेकून. घरी जाऊन स्वच्छ प्रत काढून आणतो, असे म्हणता आले असते. ते शब्द ओठांपर्यंत आलेही. पण प्रत करताना हात केसभर का होईना हलतोच. आणि त्या केसभराने नखाएवढा तुकडा कायमचा वाकडा बसला असता. दगडाच्या बाबतीत एक चूक मी केली होती. दुसरी करणे शक्य नव्हते.

मी वही काढली, ते पान उघडले आणि तिच्या हातात दिले.

वरती चित्र होते. खाली माझ्या नेटक्या देवनागरीत पूर्ण ओळ होती, आणि तारीख.

अश्लेषाने ती मोठ्याने वाचली. “येतो म्हणोन गेले. वाट पाहते.”

ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होते.

“कोण गेले?” विलासभाऊंनी हळूच विचारले.

“हा,” मी म्हणालो. “समुद्रापलीकडून आलेला माणूस. त्याला मराठी कितीशी येत असेल… पण दारातून निघताना काय म्हणायचं, ते या ओळीतल्या बाईने त्याला शिकवलेलं असणार. मोहिमेवर जाताना तो तेच म्हणाला. परत आला तो लोकांच्या खांद्यावरून. तिने आपलं नाव कुठे घातलेलं नाही. एवढीच ओळ कोरून घेतली.”

विलासभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली आणि पावसातच उभे राहिले.

अश्लेषा अजून पानाकडे पाहत होती. “तारीख अठरा डिसेंबर आहे.”

“हो.”

“आज दहा जानेवारी.”

“हो.”

“आणि काल सकाळी तुम्ही मला सांगितलंत, चौथं अक्षर ‘णो’ की ‘णे’, याची शंका आहे.”

तुम्ही. सांगितलंत. नऊ दिवसांपूर्वी मिळालेले क्रियापद तिने शांतपणे परत घेतले होते.

“मी… पडताळणी करत होतो,” मी म्हणालो.

“पडताळणी,” ती म्हणाली. “बरं.”

*

पुढचे तीन दिवस तिने काम केले आणि मी हाताखाली राहिलो. वस्त्रगाळ चुना कालवून देणे, पिंपातले चुन्याचे निवळ पाणी ड्रॉपरमध्ये भरून देणे, थाळी धरणे. ती कामटीच्या टोकावर तुकडा घेई, माझ्या चित्राशी ताडून पाही, श्वास रोखी आणि ठेवी. पाच तुकड्यांना तीन दिवस लागले. बोलणे कामापुरते.

“थाळी जरा तिरकी करा.”

“अशी?”

“हो. धन्यवाद.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेवटून दुसरा तुकडा बसल्यावर ती मागे रेलली. “तुमचं चित्र बरोबर आहे. केसभरसुद्धा चूक नाही.”

ही शाबासकी होती. मला ती शिक्षेसारखी लागली.

फाटकाशी विलासभाऊंनी मला अडवले. “साहेब, आमच्या सुमनने तीस वर्षांत दोनच वेळा मला अहो-जाहो केलं. दोन्ही वेळा गलती माझी होती.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“पहिल्यांदा सफाई दिली, असं होतं न् तसं होतं. आठ दिवस चाललं. दुसऱ्यांदा सरळ सांगितलं, हो, केलं मी. चहा मिळाला.”

त्या संध्याकाळी मी रामघाटाकडे चालत गेलो. क्षिप्रेत दिवे सोडलेले होते, आणि आरतीच्या घंटा ऐकत मी पायरीवर बसून होतो. मनात वाक्ये तयार होत होती. प्रत्येक वाक्य सुंदर होते आणि प्रत्येकाच्या शेवटी एक पळवाट होती. लिहिण्यावाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा हाच रोग. त्याला खरे बोलायचे असते तेव्हाही तो आधी भाषा सुधारतो.

*

संक्रांतीच्या सकाळी आकाश धुतल्यासारखे होते. माधव नगरच्या गच्च्यांवर पतंग चढले होते, आणि एक तुटलेला लाल पतंग दगडी क्रुसाच्या हाताला अडकून फडफडत होता. फाटकाजवळ तिची हत्यारांची पेटी आणि पाठीवरची पिशवी तयार होती. बुऱ्हाणपूरची बस नानाखेड्याहून अकराला होती.

शेवटच्या फोटोसाठी तिने दगडावरचे ओले पोते उचलले. उजेड भिंतीवरून उतरला, गवतावरून आला आणि दगडावर सरकला. ओळ पूर्ण होती. जिथे पाच तुकडे होते, तिथे नीट पाहिले तरच चुन्याच्या पाच फिकट सीमा दिसत होत्या.

येतो म्हणोन गेले. वाट पाहते.

“चुना कच्चा आहे,” ती म्हणाली. “महिनाभर पोतं ओलं ठेवायचं. विलासभाऊ पाहतील. नंतर कोणीतरी येऊन तपासायला हवं.”

“कोण येईल?”

“ते अजून ठरलेलं नाही.”

तिने फोटो काढले. मग पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून एक लांबोडा काळा टॉर्च काढून दगडावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

“हे काय आहे?”

“टॉर्च.”

“झिजलेली अक्षरं वाचायला सकाळच लागते, असं तुला कोणी सांगितलं?”

तुला. मी ऐकले, पण ऐकल्याचे दाखवायचा धीर झाला नाही.

“आडवा उजेड लागतो. बस्स. टॉर्च जमिनीलगत धरला, वर चादर घेतली, की भर दुपारीसुद्धा दिसतात. आमच्या धंद्यात हे पहिल्या महिन्यात शिकवतात.”

“मग… तू आणला का नाहीस?”

“आणला होता.” तिने टॉर्चचे बटण एकदा लावले, एकदा विझवले. “अठरा तारखेपासून याच पिशवीत आहे. तू म्हणालास, उजेड रोज अर्धाच तास असतो. मी म्हटलं, ठीक आहे… असू दे अर्धा तास. तो पापुद्रा गेला, त्यात अर्धा वाटा माझा आहे. म्हणून तीन दिवस मी जास्त चिडले होते. तुझ्यावर अर्धीच.”

वाऱ्याने क्रुसावरचा पतंग सुटला आणि गवतावरून फरफटत निघून गेला. आम्ही दोघांनीही त्याच्याकडे पाहिले, कारण एकमेकांकडे पाहणे अवघड झाले होते.

मग तिने खिशातून कागदाची पुडी काढली. सुमनवहिनींनी सकाळीच दिलेली. तिने त्यातला एक लाडू माझ्या तळहातावर ठेवला.

“तिळगूळ घे,” ती म्हणाली. “गोड नको बोलूस. खरं बोल. वर्षभर लोक गोडच बोलतात.”

तीळ हाताला टोचत होते. “अश्लेषा, मी ती ओळ… म्हणजे पहिलं वाचन आणि अंतिम वाचन यांत नेहमीच एक पडताळ—”

“सिमेंट,” ती म्हणाली.

मी हातातल्या लाडवाकडे पाहिले.

ती थांबली. बराच वेळ थांबली, तिच्यासारख्या बस गाठायच्या असलेल्या मुलीने थांबावे त्याहून पुष्कळच जास्त. मग तिने दगडावर पोते पुन्हा पांघरले, टॉर्च आत टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि पेटी उचलली.

“बरं,” ती म्हणाली. “जाते मी, यशोधन.”

ती चालू लागली. बावीस पावलांचे अंतर आहे ते. नंतर मी मोजले आहे. दहाव्या पावलावर ती पेटी दुसऱ्या हातात घेण्यासाठी थांबली, आणि माझ्या ध्यानात आले की या दगडाखालच्या माणसाला निदान निघताना काय म्हणायचे ते माहीत होते. परक्या भाषेत, परक्या गावात, दारात उभे राहून तो तेवढे बोलला होता. मी माझ्याच भाषेत, माझ्याच गावात उभा होतो.

“अश्लेषा.”

आवाज मोठा नव्हता. पण त्याला धार होती, आणि ती माझी मलाच नवी होती. भिंतीजवळ झाडणारे विलासभाऊ झाडूसकट थबकले.

ती फाटकाशी थांबली. हात कडीवर, पाठ माझ्याकडे.

“मला खात्री होती,” मी म्हणालो.

“कशाची?”

“ओळीची.” आणि मग, भाषा न सुधारता — “आणि तुझी.”

फाटकाची कडी थोडी वाजली. ती वळली. तिच्या कपाळावर, अगदी पहिल्या दिवशी होते तिथेच, चुन्याचे पांढरे बोट उठलेले होते. हसू तिने दाताखाली धरून ठेवले होते. सुटले नव्हते अजून.

“तुझ्या अख्ख्या वहीत एकच पान आहे,” ती म्हणाली, “ज्याच्यावर प्रश्नचिन्ह नाही. ते मी तीन दिवस समोर ठेवून काम केलंय. मला ठाऊक आहे. पण मला ते तुझ्या तोंडून हवंय. कधीपासून?”

पुढचे सगळे पुढे घडले. नानाखेड्याच्या स्टँडवर बस सुटताना तिने खिडकीतून डोके बाहेर काढले आणि आठ गावांनंतर प्रथमच तो शब्द उच्चारला, “येते” — इतक्या सहज, की शेजारच्या बाईला त्यात काही विशेष वाटले नसावे. महिन्याने चुना तपासायला ती आली. नंतर चुन्याचे कारण न सांगता आली. माझ्या आईने तिला दारातून निघताना तो शब्द शिकवायचा प्रयत्न केला, आणि तिला तो आधीच येतो हे पाहून कौतुकाने माझ्याकडे पाहिले. स्कूटरही मी घेतली.

पण त्या सकाळी, फाटकापाशी, यातले काहीच अजून झालेले नव्हते. तळहातावर तिळगूळ होता, उजेड दगडांवरून निघायच्या बेतात होता, आणि एका साध्या प्रश्नाचे उत्तर सत्तावीस दिवस माझ्या पिशवीत पडून होते.

“पहिल्याच सकाळी,” मी म्हणालो. “उजेड जाण्याच्या आधी.”